भारतमातेचा चेहरा

हाताला कंप सुटल्यापासून कमळ, तेजोवलय, पदराच्या चुण्या हे सगळं मी कसंबसं निभावून नेतो. अडतो तो भारतमातेच्या चेहऱ्यावर. स्वदेशीच्या काळातल्या एका पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे. प्रकाशकांना मुखपृष्ठ त्या काळच्या ढंगाचं, एका रंगात, निव्वळ रेषेत हवं आहे. अशी मुखपृष्ठं मी आयुष्यभर केली; पण तेव्हा हात पळायचा आणि पळत्या हातातून चेहरा आपोआप उतरायचा. आता एकेक रेषा ठरवून ओढावी लागते, आणि ती कुठे खोटी पडते ते दिसतं.

दाखला म्हणून सगळे अवनींद्रनाथ टागोरांच्या 1905 च्या ‘भारतमाता’ चित्राकडे बोट दाखवतात. भगव्या वस्त्रातली चार हातांची स्त्री. हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, शुभ्र वस्त्र आणि जपमाळ. शस्त्र एकही नाही. भगिनी निवेदितांना तर या चित्राच्या प्रती केदारनाथपासून कन्याकुमारीपर्यंत प्रत्येक झोपडीत पोचवायच्या होत्या. चित्र थोरच आहे. पण ते वॉशचं आहे. ताइकान आणि शुन्सो हे जपानी चित्रकार 1903 मध्ये कलकत्त्यात आले होते. रंग पाण्यात विरवत नेण्याची ती रीत अवनींद्रनाथांनी त्यांच्याकडून उचलली. त्या चेहऱ्याची कड कुठे संपते ते सांगता येत नाही, म्हणूनच ती कुणाचीही आई होऊ शकते.

रेषेला ही मुभा नाही. रेषा ओढली की नाक ठरतं आणि नाक ठरलं की ती कुणीतरी एक बाई होते. डोळे मोठे घेतले की देवी होते. पापणी जरा खाली आणली की रविवर्म्याची नायिका. ओठांची कड गडद झाली की ती रुसलेली दिसते, आणि रुसलेली भारतमाता मला सोसत नाही. गालाची रेषा मध्येच सोडून देऊन पाहिली. गाल जमला, पण मग डोळे एकटे पडले.

हाफटोन, म्हणजे ठिपक्यांतून छटा उमटवणारा ठसा, घ्यायचा होता, असं कुणी म्हणेल. उपेंद्रकिशोर रायांनी कलकत्त्यात 1895 पासून हाफटोनचं काम इतकं बारकाईने केलं की विलायतेतल्या मुद्रकांनी त्यांचे लेख छापले. पण हाफटोनला गुळगुळीत कागद लागतो. त्या काळी काही आण्यांना विकायच्या पुस्तिकेचं वेष्टण खरबरीत रंगीत कागदाचं असायचं. त्यावर ठिपके भरतात आणि चेहऱ्याचा काळा डाग होतो. निव्वळ रेषा छापणारा जस्ताचा लाइन ब्लॉक हाच त्या कागदाला मानवणारा उपाय. म्हणजे माझी अडचण त्या काळच्या प्रत्येक मुखपृष्ठकाराची होती.

वर तेव्हा इंग्रज सरकारचा डोळा. 1910 च्या प्रेस कायद्याने नवा छापखाना काढणाऱ्याला किमान 500 रुपयांचा जामीन भरावा लागू लागला. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकातली द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान आणि कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन, हे प्रेक्षकांनी ओळखलं, सरकारनेही ओळखलं, आणि त्याच वर्षी नाटकावर बंदी आली. सावरकरांचा 1857 वरचा ग्रंथ तर 1909 मध्ये हॉलंडात छापून भलत्याच पुस्तकांची वेष्टणं घालून इकडे आणला गेला. राष्ट्रासाठी मुखपृष्ठाने केलेलं याहून मोठं काम मला माहीत नाही, आणि त्यावर राष्ट्राचं एकही चिन्ह नव्हतं.

आजच्या मंडळींना कसलीच बंदी नाही. नकाशात बाई उभी करतात, मागे तीन पट्टे ओढतात, झालं मुखपृष्ठ. नकाशा ही पळवाट आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. देशाची बाह्यरेषा काढली की चेहरा कसाही चालतो; बघणारा तिच्या डोळ्यांत बघतच नाही.

हा राग निर्मळ नाही, हेही सांगतो. सही नसली तरी माझी भारतमाता चेहऱ्यावरून ओळखू येते, असं छापखान्यात म्हणायचे. ते ऐकायला मला फार आवडायचं, अजूनही आवडतं. तिचा चेहरा माझ्या नावाने ओळखला जावा हेच तिच्या विरुद्ध आहे, हे कळतं. गोडी सुटत नाही.

म्हणून त्या काळच्या इतर मुखपृष्ठकारांनी या चेहऱ्याचं काय केलं ते बघायला ग्रंथालयांत गेलो. पुस्तकं मिळाली, मुखपृष्ठं मिळाली नाहीत. बाइंडिंग करताना कागदी वेष्टण फाडून टाकायचं आणि वर पुठ्ठा आणि कापड चढवायचं, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. मजकूर राहिला, चित्र रद्दीत गेलं. चित्रकाराचं नाव बहुधा आत कुठेच नसतं, त्यामुळे तोही गेला.

तुमच्या घरी आजोबा-पणजोबांच्या वेळचं एखादं पुस्तक मूळ वेष्टणासकट असेल, तर ते बाइंडरकडे देऊ नका. द्यायचंच झालं, तर वेष्टण आत शिवून घ्यायला सांगा.