एकादशीच्या फराळातील परदेशी बी

उपवासाच्या पदार्थांविषयी आपल्या घरांतून जितका काटेकोर विधिनिषेध पाळला जातो, तितका इतर कोणत्याही अन्नाविषयी क्वचितच पाळला जात असेल. जिरे चालते, मोहरी चालत नाही; मिरची चालते, हळद चालत नाही; एका घरी भेंडी चालते, तर भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडी तिचे नाव काढण्याची सोय नाही. या भेदांस आधार कोणता, असे विचारले असता वडीलधारी मंडळी "आपल्याकडे चालत नाही" एवढेच सांगतात, आणि त्या उत्तरापुढे भल्याभल्या शास्त्र्यांचेही काही चालत नाही.

गेल्या वैशाखात आमच्या खोपोलीच्या घरी असाच एक प्रश्न उपस्थित झाला. माझ्या थोरल्या वहिनींचे वय आज शहात्तर आहे. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांची एकादशी चुकलेली नाही. घरात आजारपण असो, लग्नकार्य असो, पाहुणे असोत, त्या दिवशी त्यांच्या पानात धान्य पडत नाही. मात्र गेली बारा वर्षे त्यांस मधुमेह आहे. साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यानंतर रक्तातील साखर किती चढते, हे घरातल्या यंत्रावर आम्ही अनेकदा पाहिले होते. त्यात नवल काही नाही. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सत्त्याऐंशीच्या आसपास ग्रॅम निव्वळ पिष्टच असते. डॉक्टरांनी निक्षून सांगितले की उपवास तरी सोडा, नाही तर साबुदाणा तरी. वहिनींनी दोन्ही सोडले नाही. त्यांचे म्हणणे असे, की पंधरा दिवसांतून एकदा देवासाठी केलेल्या गोष्टीचा हिशेब यंत्राने मागू नये.

अशा वेळी त्यांची नात, म्हणजे माझ्या पुतण्याची कन्या, पुण्याहून सुटीस आली. तिने येताना चिया नावाच्या बियांची एक पुडी आणली होती. दुधात भिजवून, फळांचे थर देऊन त्यांचे पुडिंग करावयाचे आणि तेच मोठ्या आजीस एकादशीस द्यावयाचे, असा तिचा बेत. वहिनींनी पुडीतील चिमूटभर बी तळहातावर घेतले, चष्मा सारखा केला आणि मजकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, हे धान्य की फळ? आणि कुठल्या मुलखातले? तुम्ही संस्कृत शिकवलेत, तुम्हीच सांगा."

प्रश्न थट्टेचा नव्हता. मी "चालते" म्हटले असते तर वहिनींनी ते खाल्ले असते, आणि माझे उत्तर केवळ त्यांच्या प्रकृतीच्या काळजीने दिलेले आहे असे त्यांस पुढे कळते, तर त्यांचे मन दुखावले असते. म्हणून मी एक दिवसाची मुदत मागून घेतली.

प्रथम जातीकुळीचा विचार. चिया हे गवताच्या कुळातले धान्य नव्हे. ते तुळशीच्या कुळातल्या एका झुडपाचे बी आहे. आपण उन्हाळ्यात सरबतात घालतो तो सब्जा तर तुळशीचा अगदी सख्खा भाऊ; चिया त्याच विस्तृत कुळातील दुसऱ्या शाखेचे. उलट आपण ज्यास निःशंकपणे उपवासाचे म्हणतो, ती भगर म्हणजे वरी. कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर आदिवासी बांधव नाचणीबरोबर ती पिकवितात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती सरळसरळ तृणधान्य आहे! भगर चालते आणि चिया चालत नाही, असे म्हणणाऱ्यास युक्तिवाद करणे कठीण जाईल.

मग मुलखाचा विचार. चियाची जन्मभूमी मेक्सिको व ग्वाटेमाला. लिनीयस या स्वीडिश पंडिताने १७५३ मध्ये या झुडपास स्पेन देशाचे विशेषण जोडले, ते चुकीच्या समजुतीने. स्पेनमध्ये ते मुळचे नव्हेच. मेक्सिकोतील अ‍ॅझ्टेक लोकांच्या राज्यात मका व घेवड्याबरोबर चियाही खंडणीदाखल राजधानीत येत असे, असे सोळाव्या शतकातील लेखांवरून कळते. तेव्हा परदेशी खरे. परंतु आपल्या फराळाचे ताट जरा तपासून पाहावे. बटाटा अमेरिकेचा, रताळे अमेरिकेचे, शेंगदाणा अमेरिकेचा, मिरची अमेरिकेची. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही दक्षिण अमेरिकेचा. तामिळनाडूतील सेलमच्या परिसरात त्याचे कारखाने उभे राहिले ते १९४० नंतरच्या दशकात. आणि राजगिरा? त्यास आपण कौतुकाने रामदाणा म्हणतो. तोही मूळचा अमेरिकेचाच, आणि अ‍ॅझ्टेकांच्या त्याच खंडणीच्या कोठारांत तो चियाच्या शेजारीच साठविला जात असे. एक शेजारी पूर्वीच आला आणि देवघरापर्यंत पोहोचला. दुसरा काल आला म्हणून त्यास ओसरीवरच थोपवावे, हे न्यायाचे दिसत नाही. शिवाय म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेने उत्तेजन दिल्यापासून चिया कर्नाटकात पिकू लागला आहे, आणि मध्य प्रदेशात नीमचच्या बाजारात त्याचे सौदे होतात. म्हणजे पुडीतले बी कदाचित आपल्याच मातीतले असेल.

राहता राहिले शास्त्र. महाभारताच्या उद्योगपर्वात ज्यांच्या योगे व्रतभंग होत नाही अशा आठ गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत पाणी, कंदमूळ, फळ आणि दूध आहेत, हे पुष्कळांस ठाऊक असते. शेवटची गोष्ट औषध आहे, हे मात्र सोयिस्करपणे विसरले जाते. हे मी वहिनींस सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "शास्त्र तुमचे, भाऊजी, पण उपवास माझा आहे. आधी ते भिजते कसे ते मला पाहू दे."

दोन वाट्या मांडल्या. एकीत चमचाभर सब्जा, दुसरीत चमचाभर चिया, दोहोंवर सारखे पाणी. पाव तासात सब्ज्याचे दाणे टपोरे फुगून आले. प्रत्येकाभोवती काचेसारखे स्वच्छ कवच, मध्ये काळा ठिपका. परंतु दाणा सुटा तो सुटाच राहिला. चिया आळशीपणे पडून होता. तासाभराने पाहिले तो वाटीतले सारे पाणी त्याने आपल्यात बांधून घेतले होते. वाटी तिरपी केली तरी ओघळ येईना. हाच दोहोंतील भेद. सरबतास सब्जा उत्तम, तो स्वस्त आणि झटपट. पण खिरीसारखा घट्टपणा हवा तर चियाच घ्यावा. आपल्या वजनाच्या दहा-बारा पट पाणी तो धरतो. शंभर ग्रॅम बियांत चौतीस ग्रॅमच्या सुमारास तंतू व सोळा-सतरा ग्रॅम प्रथिने असतात, म्हणून पोट बराच वेळ भरलेले राहते आणि साखर सावकाश चढते. वहिनी वाटीकडे पाहून म्हणाल्या, "ही सब्ज्याची बहीण दिसते, उशिरा उठणारी."

येथे वडीलधाऱ्यांच्या घरी विशेष सांभाळण्याजोगी एक गोष्ट सांगतो. हे बी कोरडे तोंडात टाकून वर पाणी पिऊ नये. २०१४ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांच्या एका परिषदेत असे उदाहरण मांडले गेले की एकोणचाळीस वर्षांच्या गृहस्थाने चमचाभर कोरडा चिया खाऊन पेलाभर पाणी प्यायले. बी अन्ननलिकेतच फुगले आणि वाट बंद झाली. दुर्बिणीच्या साहाय्याने ती मोकळी करावी लागली. ज्यांस गिळताना त्रास होतो त्यांनी तर पूर्ण भिजलेलेच, तेही थोडे थोडे घ्यावे. आणि मधुमेहाच्या गोळ्या उपवासाच्या दिवशी किती घ्यावयाच्या, हे डॉक्टरांसच विचारावे. फराळ बदलला म्हणून आपल्या मनाने मात्रा बदलू नये.

आता कृती. दशमीच्या रात्री एका नारळाचे दाट व पातळ दूध मिळून अडीच वाट्या काढले आणि त्यात अर्धी वाटी चिया घातला. गाईच्या दुधाऐवजी नारळाचे दूध घेण्यास कारण होते. आंबट फळे दुधासह खाऊ नयेत, असे चरकाने विरुद्ध आहाराच्या प्रकरणात म्हटले आहे; त्याच्या यादीत आंबा, जांभूळ, फणस, डाळिंब, इतकेच नव्हे तर आपले करवंदसुद्धा आहे. केळेही आहे. शिकरणावर वाढलेल्या माझ्यासारख्याने यावर फार बोलू नये हे बरे. पण वहिनींस वैद्यकाचा तेवढा धाक आहे. शिवाय कच्चा अननस गाईच्या दुधात पडला की त्यातील पाचक द्रव्य दुधाची प्रथिने फोडते आणि सारे कडू होते. अननस पाच मिनिटे शिजवून घेतला म्हणजे हा दोष जातो. पपईचेही तेच.

चिया घातल्यावर एकदा ढवळले, दहा मिनिटांनी पुन्हा, अर्ध्या तासाने आणखी एकदा. हे न केल्यास खाली गुठळ्या होतात आणि नारळाचा स्निग्धांश वर तरंगून साय धरतो. नंतर झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले.

सकाळी थर लावण्याचे काम नातीचे. त्यास काचेचे पेले हवेत. स्टीलच्या वाटीत थर लावणे म्हणजे अंधारात रांगोळी काढण्यासारखे. आमच्या चौदा माणसांच्या घरात धड पेले सहाच निघाले. तळाशी चिया, त्यावर हापूसचा रस, पुन्हा चिया, त्यावर शिजवून गार केलेला अननस, पुन्हा चिया, माथ्यावर केळ्याच्या चकत्या आणि डाळिंबाचे दाणे. पहिल्या पेल्यात आंब्याचा रस खाली झिरपून सगळा गोंधळ झाला, तेव्हा तिने रसातही थोडा चिया मिसळून तासभर ठेवला. मग रेघ ओढावी तसे थर उमटले. आमच्या अंगणातून खंडाळ्याच्या बाजूचे कडे दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचा एक पूर आला, थिजला, मग त्यावर दुसरा आला, असे करीत तो सह्याद्री रचला गेला. खालचा थर थिजण्यापूर्वी वरचा ओतला असता तर त्या आडव्या रेघा दिसल्या नसत्या. हे मी मुलांस तेथल्या तेथे दाखविले. निवृत्त मास्तराची खोड, दुसरे काय!

वहिनींचा पेला निराळा केला. त्यात साखर नाही, केळे नाही, हापूसच्या रसाऐवजी दोनच लहान फोडी; त्यांच्या जागी जांभळे. डोंगरातून ठाकूर व कातकरी बायका वैशाखाच्या अखेरीस खोपोलीच्या बाजारात पळसाच्या पानांच्या द्रोणांतून करवंदे-जांभळे विकावयास आणतात. ती सकाळीच आणली होती. नातीने विचारले, "आजोबा, याला संस्कृतात नाव काय द्यायचे?" मी 'स्तरपायस' म्हणणार होतो, इतक्यात वहिनी म्हणाल्या, "थरांची खीर म्हण. नावाने काही साखर कमी होत नाही."

त्यांनी तो पेला सावकाश, चमच्याचमच्याने संपविला. दोन तासांनी यंत्राने जो आकडा दाखविला तो साबुदाण्याच्या दिवशीच्या आकड्यापेक्षा पुष्कळ खाली होता. एका दिवसाच्या मापावरून सिद्धांत बांधू नये, हे मी जाणतो. परंतु त्यानंतरच्या एकादश्यांनाही निराळा अनुभव आला नाही. वहिनींनी आपला निर्णय मात्र त्याच दिवशी संध्याकाळी, देवापुढे दिवा लावल्यावर, सर्वांदेखत सांगितला. इतर एकादश्यांस थरांची खीर चालेल. आषाढी व कार्तिकीस साबुदाण्याची खिचडी होईल. त्यांच्यापुरती अर्धी वाटी, आणि ती त्या स्वतः मोजून घेतील. मधुमेहाच्या डॉक्टरांस हे कळविण्याचे काम त्यांनी मजकडे सोपविले. डॉक्टर हसले आणि म्हणाले, एवढे कबूल केले तरी पुष्कळ झाले.

द्वादशीस पारण्याच्या वेळी पातेल्यात वाटीभर चिया उरलेला निघाला. फ्रीजमध्ये तो दोन-तीन दिवस चांगला राहतो, फक्त फळे आधी घालून ठेवू नयेत. सुनेने तो वरणभातानंतर मुलांस वाढला आणि वर करवंदे ठेचून घातली. सगळ्या वाट्या जांभळ्या झाल्या, आणि धाकट्या नातवाचा नवा सदराही.