वाळत घातलेला फणस

यंदा डॉक्टरांनी उजव्या अंगठ्याच्या सांध्यावर बोट ठेवलं आणि हादऱ्याचं काम कमी करा म्हणून सांगितलं. कातकामात हादरा नसलेलं काम एकच, भुसा झाडणं. पण अंगठ्यापेक्षा मला मांगराचा माळा जास्त छळतोय. तिथे फणसाचे ठोकळे आणि कच्चे कातून ठेवलेले वाडगे वर्षानुवर्षं वाळताहेत. वाळलेल्या फणसाला जो जोर लागतो तो आता अंगठा देत नाही. ओला फणस अजून जमतो. पटाशीखालून पिवळीधमक लांब ढलपी सुटत जाते, चीक हाताला चिकटतो, खोबरेल लावलं की निघतो. पण ओल्यावर लाख चढत नाही, आणि सावंतवाडीच्या कातार्‍याने लाखेशिवाय काम करायचं म्हणजे काय करायचं?

व्यासाच्या दशांश जाडी ठेवावी, टोकांना मेण लावावं, हे कुठलाही कातारी झोपेतही सांगेल. माझं अडतं त्याच्या आधी. झाड आडवं झाल्यापासून ओंडका मांगरात येईपर्यंत जे चार-दोन दिवस जातात, त्यात लाकडाचं सगळं भविष्य ठरतं, आणि नेमके तेच दिवस माझ्या हातात नसतात.

कोकणात झाडं पाडायची घाई होते ती मे महिन्यात. पावसाआधी घरावर झुकलेलं काढायचं असतं. म्हणजे हवा सगळ्यात तापलेली असताना ओलं लाकूड उघडं पडतं. ओलाव्याच्या मीटरवर तीसच्या आसपास येईपर्यंत लाकूड आकसत नाही, पेशींच्या पोकळीतलं मोकळं पाणी तेवढं जातं. पण कापलेलं टोक मेच्या वाऱ्यात एका दुपारीही तीसच्या खाली जाऊ शकतं, आणि आतला ओंडका अजून चिंब असतो. त्यात वलयांच्या कडेने जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच मध्याच्या दिशेने. हा हिशेब जुळत नाही, म्हणून गोल ओंडका उरलेली तफावत भेग पाडून वसूल करतो. भेग भेंडापासून निघते आणि सालीपर्यंत जाते. ती पडायच्या आत ओंडका भेंडातून उभा चिरला पाहिजे आणि भेंडाच्या दोन्ही बाजूंची पट्टी काढून टाकली पाहिजे. त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी मी पोचतो तेव्हा टोकावर केसाएवढी रेघ दिसते, झाड कापणारा मशीनवाला म्हणतो काहीच झालेलं नाही, आणि मला कळतं की आत बरंच काही झालंय.

मग सोडवणूक म्हणून मी लांब ओंडके मागतो. टोकाला फूटभर वाया गेलं तरी मधलं वाचतं. पण मशीनवाला उचलायच्या सोयीने दोन-दोन फुटांचे तुकडे करतो, आणि दोन फुटांच्या तुकड्याला दोन्ही टोकांनी भेग लागली की मधे उरतं ते पाटाच्या पायाएवढं. तौक्ते वादळ येऊन गेलं तेव्हा, मे 2021 मध्ये, रस्ते मोकळे करणाऱ्यांनी जुने फणस असेच तुकडे करून कडेला लोटले. त्यांचं काही चुकलं नाही, रस्ता आधी. मी मात्र टेंपो घेऊन फिरत होतो. फणस 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे, त्यामुळे पडलेला उचलायचा तरी आधी परवान्याचा कागद पाहावा लागतो. कागदासाठी थांबायचं आणि भेगेने थांबायचं नाही, अशी ती शर्यत.

जून लागला की उलटं सुरू. टोकं फाटायची थांबतात आणि पांढऱ्यावर, म्हणजे सालीलगतच्या लाकडावर, बुरशी धरते. प्लास्टिकात गुंडाळलं तर आठवड्यात काळे डाग, उघडं ठेवलं तर कीड. किड्याला गाभा नको असतो, पांढऱ्यातलं पिठूळ सत्त्व हवं असतं, म्हणून मी पांढरं बहुतेक काढूनच टाकतो. जुने कातारी काळ्या पंधरवड्यात तोडलेलं लाकूड किडत नाही म्हणतात. माझा विश्वास नाही, पण अमावास्येच्या आसपासचं झाड मिळालं तर मी जास्त आनंदाने आणतो. कापा आणि बरका या फणसांच्या लाकडात फरक असतो असंही सांगतात. मला तो कधी दिसला नाही. उतारावर झुकून वाढलेल्या फणसात मात्र फरक दिसतो. वरच्या बाजूचं ताणलेलं लाकूड कातताना केसाळ निघतं आणि वाळताना स्वतःच्या मनाने वळतं. आडव्या फांदीचं लाकूड मी फुकटही घेत नाही. ज्यांनी घेतलं त्यांचे वाडगे मी बाजारात टेबलावर डुलताना पाहिलेत, आणि पाहून बरंही वाटलं.

बाजाराबद्दल बोलू नये, पण बोलतो. भेगेत निळं एपॉक्सी ओतून तिला नदी म्हणून विकतात. लाकूड नीट न वाळवल्याची शिक्षा गिऱ्हाइकाला दागिना म्हणून विकायची, हे धाडस माझ्यात नाही. दुसरे तेलरंगाचा हात मारून लाख म्हणतात. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवायची, घर्षणाने ती वितळून चढते, मग केवड्याच्या पानाने घासली की आरशासारखी चमक येते. हे करायला लाकूड कोरडं आणि घट्ट गोल पाहिजे. आमचा पांगारा हलका, लवकर वाळतो, म्हणूनच बाजारातली आंबे-केळी त्याची. फणस थांबायला लावतो. मला थांबवणारं लाकूड आवडतं, असं मी लोकांना सांगत आलो. खरं म्हणजे थांबलेलं लाकूड माझ्याकडे आहे, दुसऱ्याकडे नाही, हे मला आवडतं. तौक्तेनंतर मी जे गोळा केलं, त्यातलं बरंचसं दुसऱ्याला मिळू नये म्हणून होतं.

गेल्या वर्षापासून भाची शिकायला येते. ती वाट पाहत नाही. ओल्या फणसाचा वाडगा ती एकाच बैठकीत कातते, भिंत सगळीकडे सारखी पातळ, तीन-चार मिलिमीटर. आठवड्यात तो लंबगोल होतो, कड लाटेसारखी वर-खाली होते, पण फुटत नाही. एवढ्या पातळ भिंतीला आकसायला जागा मिळते. माझे जाड, मेण लावलेले, जपून ठेवलेले वाडगे फुटतात आणि तिचे वाकून सुटतात, हे पाहणं मला फार जड गेलं. मी तिला म्हणालो, याला बसक नाही. ती म्हणाली, बसक खालून पुन्हा घासली की येते. येते, मी पाहिली.

माझ्या मांगरात पावसाळ्यात मीटर सतराखाली येत नाही. तिथला वाडगा मे महिन्यात दिल्लीच्या कोरड्या दुकानात गेला की निम्म्यावर उतरतो, आणि तिथे फुटला तर मला फोन येतो. तिचा वाडगा आधीच वाकलेला असल्यामुळे फोन येत नाही.

मागे एकदा ती माळ्यावर चढली आणि विचारलं, "मामा, ह्या सगळा कोणासाठी ठेवलंस?" मी म्हटलं, तुझ्यासाठीच. मग एक चांगला ठोकळा दिलाही. पण सगळ्यात रुंद, सरळ धाग्याचा, गडद पिवळ्यावरून तपकिरी होत आलेला जो आहे, तो दाखवलासुद्धा नाही. त्याला मी मीटर लावलेलाच नाही. लावला आणि काटा चौदावर थांबला, तर न कातण्याला माझ्याकडे अंगठ्याशिवाय दुसरी सबब उरणार नाही.