एकाच बाजूला फिरणारी रिंग

होस्टेलवर कुणाच्या ना कुणाच्या मनगटावर ‘डायव्हर’ घड्याळ दिसतंच. जाडजूड केस, भोवती आकडे असलेली फिरती रिंग. लेक्चर रटाळ झालं की ती कटकट फिरवत बसायचं, एवढाच तिचा उपयोग! या रिंगला बेझल म्हणतात. चांगल्या घड्याळात ती काट्यांच्या उलट दिशेलाच का फिरते, असं मी रूमवर विचारलं तर उत्तर आलं, “स्टाइल आहे रे!” स्टाइल नाही. त्यामागे थिअरी ऑफ मशिन्सचा एक सुंदर धडा आहे. आमच्या नामपूरच्या मळ्यात तो आम्हाला एका मोटारीच्या भावात पडला, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी रिंगचं काम बघू. पाणबुड्याच्या पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा मोजकी असते. मालवण-तारकर्लीला स्कूबा करून आलेल्यांना हे माहीत असेल, पण तिथे शेजारी प्रशिक्षक असतो. एकट्याने खोल जाणाऱ्याला ‘खाली येऊन किती मिनिटं झाली’ हे एका नजरेत कळायला हवं. म्हणून बुडी मारताना तो रिंगवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणतो. मग काटा रिंगवरच्या ज्या आकड्यासमोर, तितकी मिनिटं झाली. वजाबाकी नाही की डोकेफोड नाही.

१९५३ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये अशी दोन गाजलेली घड्याळं तयार झाली : ब्लांपाँचं ‘फिफ्टी फॅदम्स’ आणि रोलेक्सचं ‘सबमरीनर’. ब्लांपाँचे प्रमुख झाँ-झाक फिश्टर स्वतः डायव्हिंग करायचे आणि एकदा पाण्याखाली त्यांची हवा संपली होती. त्यामुळे रिंग आपोआप हलू नये याची काळजी त्यांच्या घड्याळात घेतली गेली. सबमरीनरची रिंग मात्र सुरुवातीला दोन्ही बाजूंना फिरायची, नुसत्या घर्षणावर धरलेली. ती एका दिशेची झाली बऱ्याच वर्षांनी. डायव्हिंगच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे मानक आहे. रिंग चुकून फिरू नये, हे त्यातही सांगितलेलं आहे.

आता खरी गंमत. समजा खडकाला घासून रिंग सरकलीच, तर ती काट्यांच्या उलटच सरकू शकते. म्हणजे त्रिकोण मागे जातो आणि झालेली मिनिटं खऱ्यापेक्षा जास्त दिसतात. वीस मिनिटं झाली असताना पंचवीस दिसली, तर माणूस पाच मिनिटं आधी वर येईल. बिघडलं काय? रिंग दुसऱ्या बाजूला सरकली असती तर वीसच्या जागी पंधरा दिसली असती, आणि तो निवांत खालीच राहिला असता. उरलेल्या हवेचं गणित तिथेच चुकतं.

तुम्ही म्हणाल, नामपूरला कुठला समुद्र? समुद्र नाही, पण विहीर आहे. मोसम खोऱ्यात मे महिन्यात विहिरीचा पाझर आटतो. आमच्या विहिरीतली सबमर्सिबल चाळीस मिनिटं चालली की पाणी तळाला जातं. त्यापुढे मोटार कोरडी फिरली तर तापून वाइंडिंग जळतं, कारण तिला थंड ठेवणारं पाणीच उरत नाही. थोडक्यात, आमची विहीर म्हणजे चाळीस मिनिटांचं सिलिंडर! पाणी पडायचं ते मळ्याच्या दुसऱ्या टोकाच्या शेततळ्यात, त्यामुळे धार बंद झाली तरी इकडे कळायचं नाही. म्हणून वडील बाजारातून आणलेल्या एका स्वस्त डायव्हर घड्याळाची रिंग लावून ठेवायचे. त्रिकोण काट्यासमोर आणला, मोटार सुरू केली की चाळीसपर्यंत दुसरं काम करायला मोकळे.

त्या घड्याळाची रिंग दोन्ही बाजूंना फिरायची. एका दुपारी वडील चाळीत कांदा भरत होते. पाट्या डोक्यावर चढवताना सदऱ्याची बाही घासून रिंग दहा मिनिटं पुढे सरकली. घड्याळात तीस दिसत होती तेव्हा खरी चाळीस झाली होती. रिंगवर चाळीस झाल्यावर वडील विहिरीवर गेले आणि परत येऊन आईला एवढंच म्हणाले, “मोटार जयी गई.” मोटार वर काढून, रिवाइंडिंग करून परत सोडेपर्यंत आठ दिवस गेले. डाळिंबाला ऐन भरात ताण बसला. नंतर ठिबक सुरू झालं तेव्हा फळं तडकली. माझ्या सेकंड इयरच्या फीसाठी धरलेला प्लॉट होता तो. पुढे पॅनेलमध्ये ड्राय-रन प्रिव्हेंटर बसवला. पण माझ्या डोक्यात ती रिंग राहिलीच.

चांगल्या घड्याळात ही रिंग धरून कोण ठेवतं? रिंगच्या खालच्या अंगाला करवतीसारखे तिरके दाते असतात. त्यांच्यात केसवर बसवलेल्या स्प्रिंगच्या पातळ पट्टीचं टोक अडकतं. दात्याच्या उतारावरून टोक सरकतं, उभ्या बाजूला अडतं. आपला रॅचेट-पॉलच की! सायकलच्या फ्रीव्हीलमध्येही हेच असतं. साठ क्लिकची रिंग एका टकेला एक मिनिट सरकते, एकशेवीस क्लिकची अर्धं मिनिट.

लाखांच्या घरातलं घड्याळ असलं तरी झीज कुणाला चुकत नाही. पहिला शत्रू मीठ, वाळू आणि घाम. रिंगखालच्या खाचेत हे साचलं की ती अडकते. नळाच्या पाण्यात बुडवून जुन्या टूथब्रशने घासली तर बहुतेक वेळा मोकळी होते. दुसरी झीज जास्त वाईट. दात्यांच्या कडा गोल होतात, स्प्रिंगचा ताण जातो, आणि रिंग नको त्या बाजूलाही सरकायला लागते. तिसरी नुसती दिसण्यातली. ॲल्युमिनियमच्या चकतीचा रंग उन्हाने उडतो, तिच्यावर ओरखडे पडतात. रोलेक्सने २००५ पासून सिरॅमिकच्या चकत्या आणल्या. त्यांचा रंग जात नाही, ओरखडा सहजासहजी पडत नाही, पण घड्याळ फरशीवर आपटलं तर तडा जाऊ शकतो. गंमत म्हणजे रंग उडालेल्या जुन्या चकत्यांना शौकीन लोक जास्त पैसे मोजतात! रंग उडाला तर उडू द्या. तपासायचा तो दाता. रिंग काट्यांच्या दिशेने हलकेच ढकलून पाहा. एक जरी क्लिक सरकली तर ते घड्याळ पाण्याखाली न्यायचं नाही.

आज पाणबुडे मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर बांधतात, रिंग उरली ती जोडीला. पण तिच्यातला विचार जुना होत नाही. रेल्वेच्या जुन्या सिग्नलची तार तुटली तर त्याचा हात आपोआप आडवा होतो, म्हणजे ‘थांबा’. आपण मशीन डिझाइनमध्ये फॅक्टर ऑफ सेफ्टी घोकतो, वस्तू किती जोर सोसेल ते काढतो. वस्तू चुकलीच तर कुठल्या बाजूला चुकेल, हा प्रश्न मात्र राहून जातो. उद्या आपण काहीही बनवू, ते कधीतरी चुकणारच. चुकलं तर वापरणाऱ्याच्या बाजूने चुकावं, एवढं तरी आपल्या हातात आहे.