प्लेटीवरचा दिवा

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणीत रात्र हळूहळू उतरत नाही. सूर्य सातपुड्याच्या एका सोंडेआड गेला की दरी भराभर काळी होते आणि थोड्याच वेळात पायाखालची वाटही दिसेनाशी होते. अशा वेळी धडगावचा डांबरी रस्ता सोडून पायवाटेने खाली उतरणाऱ्या माणसाला पाड्यातली घरे दिसत नाहीत, दिसतात ते दिवे. एक या टेकाडावर, एक समोरच्या उतारावर, एक पार खाली ओढ्याच्या अंगाला. भिल्ल आणि पावरा वस्तीत घराला घर चिकटून नसते. ज्याचे शेत जिथे, त्याचे घर तिथे. त्यामुळे गाव म्हणजे डोंगरभर विखुरलेल्या दिव्यांची मोकळी रांगोळी.

पूर्वी हे दिवे पिवळे होते. रॉकेलची चिमणी वाऱ्याने फडफडायची, तिची काजळी कुडाला चढायची. आता बऱ्याच ठिकाणी उजेड पांढरा आणि स्थिर आहे. छपरावर सोलर प्लेट, कोपऱ्यात फळीवर ठेवलेली बॅटरी, कुडावर ठोकलेली कंट्रोलरची पेटी आणि तिच्यातून निघालेल्या दोन वायरी, एक लाल आणि एक काळी. या दोन वायरींची अदलाबदल चालत नाही, हे पाड्यातल्या पोरांनाही ठाऊक असते. घरात येणारी वीज डीसी आहे, याची ही सगळ्यात साधी खूण. शाळेच्या पुस्तकात तिला ‘दिष्ट’ म्हणतात. जिची दिशा बदलत नाही, ती.

घरोघरी डीसी ही गोष्ट शहरात केव्हाच इतिहासजमा झाली. एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचे वीजकेंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू केले, तेव्हा त्याने आसपासच्या घरांना आणि कचेऱ्यांना दिलेली वीज ११० व्होल्टची डीसीच होती. त्या शहरातले शेवटचे डीसी कनेक्शन तुटायला २००७ चा नोव्हेंबर उजाडावा लागला. आपल्याकडे कोलकात्याच्या जुन्या भागांनी ही वीज अनेक दशके वापरली. मुंबईत १९०७ साली धावू लागलेली विजेची ट्राम १९६४ मध्ये थांबेपर्यंत डीसीवरच चालली. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटीहून कुर्ल्याला गेलेली पहिली विजेची गाडी १५०० व्होल्ट डीसीवर होती, आणि मुंबईच्या लोकलने ती पद्धत पूर्णपणे सोडली ती २०१६ साली, हार्बर मार्गाचे काम संपल्यावर.

नंदुरबारकडे डीसी असे शहरभर तारा ओढून आले नाही. ते आले बेटाबेटांनी, आणि बहुतेकांनी ते ओळखलेही नाही. सुरतेहून भुसावळकडे जाणारी पॅसेंजर नंदुरबार स्टेशनात लागते, तेव्हा जुन्या धाटणीच्या डब्यातले पंखे ज्या विजेवर फिरत असतात ती वरच्या तारेतून आलेली नसते. डब्याखाली आसाला पट्टा जोडून फिरवलेले यंत्र वीज तयार करते, ती ११० व्होल्टची डीसी करून बॅटऱ्यांत साठवली जाते आणि डब्यातले दिवे-पंखे तिच्यावर चालतात. गाडी बराच वेळ आडबाजूला उभी राहिली की दिवे मिणमिणू लागतात, कारण आस फिरत नाही आणि बॅटरी एकटी पुरी पडत नाही. डब्यातला पंखा चोरून घरच्या बोर्डाला लावता येत नाही, असे लोक सांगतात तेही याचमुळे.

दुसरे बेट टेलिफोन एक्सचेंजचे. खानदेशात भारनियमनाचे दिवस ज्यांनी काढले, त्यांना हे आठवेल. अख्खी गल्ली अंधारात, पंखा बंद, पिठाची गिरणी बंद, पण काळ्या फोनचा रिसीव्हर उचलला की कानात तो सलग ‘टूंऽऽ’ येतच असे. त्याला घरातली वीज लागतच नव्हती. एक्सचेंजच्या इमारतीत एका खोलीत बॅटऱ्यांची रांग मांडलेली असे. त्यांतले ४८ व्होल्टचे डीसी तांब्याच्या बारीक जोडीतून प्रत्येक घरापर्यंत येत असे. अंधारात आजारी माणसासाठी डॉक्टरला फोन लागायचा तो या डीसीच्या जोरावर. घरात डीसी येत होते आणि घरातल्या कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

तिसरे बेट सिनेमाचे. जुन्या थिएटरात आणि जत्रेतल्या तंबूत प्रोजेक्टरच्या पोटात दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर धरून त्यांच्यामध्ये विजेची ठिणगी सतत जळत ठेवत. ती स्थिर राहावी म्हणून डीसी लागे. धन बाजूची कांडी लवकर झिजे, म्हणून ती मुद्दाम जाड बनवलेली असे. पडद्यावर नायिकेचा चेहरा मध्येच काळवंडला की प्रेक्षक ओरडत, आणि ऑपरेटर घाईने कांड्या जवळ सरकवत असे.

या तिन्ही बेटांना एकच मर्यादा होती, आणि तीच एडिसनलाही जाचली. कमी व्होल्टचे डीसी लांब जात नाही. साठ वॉटची वस्तू १२ व्होल्टवर चालवायची तर तारेतून ५ अँपिअर न्यावे लागतात. २३० व्होल्टवर तेच काम पाव अँपिअरच्या आसपास भागते. तारेत उष्णतेच्या रूपाने जाणारा तोटा अँपिअरच्या वर्गाने वाढतो. म्हणजे त्याच जाडीच्या तारेत १२ व्होल्टचा तोटा साडेतीनशेपटींहून अधिक. म्हणून एडिसनला मैलभराच्या अंतरातच केंद्रे उभारावी लागली. एसीचे, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेचे, व्होल्ट ट्रान्सफॉर्मरने चढवता-उतरवता येतात, म्हणून शेवटी तेच जिंकले. पुढे मोठी उपकरणे आली आणि डीसी खूप उंच व्होल्टला नेऊन लांब पाठवणेही जमले. चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्याला येणारी ५०० किलोव्होल्टची, ७५२ किलोमीटरची डीसी वाहिनी महाराष्ट्रात १९९०च्या दशकाअखेरीपासून काम करते आहे. पण ती पाड्याची वीज नव्हे. पाड्याचे डीसी छपरापासून चुलीपर्यंत जाते, फार तर गोठ्यापर्यंत. जिथे पिकले तिथेच खायचे.

आणि इथेच नंदुरबारची गोष्ट नुसती विजेची राहत नाही.

सातपुड्याच्या उत्तर अंगाला नर्मदा आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली जी ३३ गावे आली ती याच जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली हे त्यांतले पहिले. त्या धरणाची वीजनिर्मितीची क्षमता १४५० मेगावॉट आणि त्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. ती वीज उंच व्होल्टच्या एसी वाहिन्यांतून जाते. एक ४०० किलोव्होल्टची वाहिनी धुळ्यापर्यंत येते. ज्यांची शेते या विजेसाठी पाण्यात गेली त्यांपैकी जी कुटुंबे वर सरकून डोंगरावरच राहिली, त्यांनी त्यानंतरही वर्षानुवर्षे चिमणीवर रात्री काढल्या. हा हिशेब बरोबर आहे असे कुणी म्हणू शकेल, असे वाटत नाही. उंच व्होल्टची वीज वाटेतल्या घरात उतरवायची तर उपकेंद्र हवे, ट्रान्सफॉर्मर हवा, खांब हवेत. डोंगरभर पसरलेल्या घरांसाठी ते परवडत नाही, असे उत्तर त्यांना फार काळ मिळत राहिले.

याच खोऱ्यात लोकांनी स्वतःचा उजेड करूनही पाहिला. दोन हजार सालाच्या सुमारास डोमखेडीला एका झऱ्यावर छोटे यंत्र बसवले गेले आणि काही घरांत दिवे लागले. मग बिलगाव. उदई नदीच्या धबधब्यावर गावकऱ्यांनी श्रमदानाने बांध घातला, केरळच्या ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’चे अभियंते सोबत होते, आणि जानेवारी २००३ मध्ये १५ किलोवॉटचे केंद्र सुरू झाले. सुमारे १८० कुटुंबांना त्यातून वीज मिळू लागली. ‘स्वदेस’ चित्रपटातला गावाने ओढ्यावर वीज तयार करण्याचा प्रसंग या कामावरून सुचला, असे सांगितले जाते. चित्रपटात दिवा लागतो आणि म्हातारी हरखते, तिथे प्रसंग संपतो. बिलगावचे केंद्र मात्र २००६ च्या पावसाळ्यात पाण्याने घेतले. धरणाची उंची तेव्हा वाढली होती.

त्यानंतर सूर्य राहिला. तो बुडत नाही. घरोघरी वीज पोचवण्यासाठीची सौभाग्य योजना २०१७ मध्ये जाहीर झाली, तेव्हा जिथे खांब नेणे शक्य नाही अशा घरांसाठी तिच्यात वेगळी सोय होती. दोनशे ते तीनशे वॉटची प्लेट, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा, एक प्लग, आणि पाच वर्षांची देखभाल. पाच दिवे हे कागदावर किरकोळ वाटते. कुडाच्या घरात त्याचा अर्थ असा की एक चुलीपाशी, एक ओट्यावर, एक गोठ्यात. रात्री गाय व्याली तर हातात चिमणी धरून उभे राहायला माणूस लागत नाही. पावसाळ्यात दारातून साप आला तर तो आधी दिसतो. प्लग मात्र बहुतेक वेळ मोबाइलकडे असतो. मोबाइलची बॅटरी डीसीच, दिव्यातला एलईडीही डीसीच. एसीच्या घरात या प्रत्येकासाठी मध्ये एक वीज बदलणारा तुकडा लागतो. पाड्यावर दिव्याला तो लागत नाही.

हे सगळे सुखाचे आहे असे नाही. श्रावणात आठ-आठ दिवस आभाळ उघडत नाही, तेव्हा बॅटरी अर्ध्या रात्री माघार घेते. बॅटरीत पाणी कमी झाले तर डिस्टिल्ड वॉटर धडगावहून आणावे लागते. ते जमले नाही की कुणीतरी विहिरीचे ओततो आणि बॅटरी लवकर मरते. तीन-चार वर्षांत ती बदलावी लागते, आणि नव्या बॅटरीची किंमत एका मजुरीच्या हंगामाएवढी वाटते. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली माणसे परत येतात तेव्हा त्या पैशांतून आधी काय घ्यायचे, या चर्चेत बॅटरीही असते. पाच वर्षे संपल्यावर देखभाल कोण करणार, याचे उत्तर योजनेच्या कागदात नव्हते. ते असायला हवे होते.

आता काही पाड्यांपर्यंत खांबही पोचले आहेत. मीटर बसतो, २३० व्होल्टचा बल्ब लागतो, आणि जुनी प्लेट छपरावरच राहते. कुडाच्या आडव्या बांबूवर दोन बटणे शेजारी शेजारी दिसतात. एक खांबाचे, दुसरे प्लेटीचे. मृगाच्या पहिल्या वादळात रानात कुठेतरी सागाची फांदी तारेवर पडते आणि खांबाचा दिवा जातो. घरातली बाई भाकरी थापत असते. पिठाचे हात ती लुगड्याला पुसते, न बघता भिंतीकडे हात नेते आणि प्लेटीचे बटण दाबते. तव्यावरची भाकरी तोवर करपलेली नसते.