चक्कर आणि चौकशी

गेल्या वर्षी पर्युषणात आमच्या घरातील दोन माणसे दोन दिवसांच्या अंतराने बेशुद्ध पडली.

पहिली माझी नात. तेल्याचा तिसरा दिवस होता. सायंकाळच्या प्रतिक्रमणात ती कायोत्सर्गासाठी बराच वेळ उभी होती. स्थानकात गर्दी, उकाडा. तिला मळमळले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती कोसळली. आडवे करून पाय उंच धरताच मिनिटाभरात ती सावध झाली. घरात मात्र रडारड. तिला दाखल करावे, असा सर्वांचा आग्रह.

दुसरे माझे थोरले बंधू, वय 71. दुकानाच्या गादीवर बसून हिशेब पाहता पाहता, एक शब्दही न बोलता, ते खातेवहीवर कलंडले. अर्ध्या मिनिटात उठून बसले. ‘‘एकासन आहे, अशक्तपणा असेल,’’ म्हणून हसले. मला फोन केला म्हणून मुनीमजींवर रागावले.

डॉक्टरांनी दोघांचाही रक्तदाब निजवून आणि उभे करून मोजला, ईसीजी काढला. नातीला त्यांनी घरी पाठवले; पारणे जपून करण्यास सांगितले. बंधूंना मात्र दाखल करून घेतले. आम्ही चकित झालो.

त्यांनी समजावले ते असे. उभे असताना, पूर्वसूचना देऊन येणारी आणि निजवताच ओसरणारी चक्कर तरुण, निरोगी माणसात बहुधा निरुपद्रवी असते. बसल्या जागी, निजलेले असता वा श्रम करताना, कोणतीही सूचना न देता शुद्ध हरपली, तर संशय हृदयावर घ्यावा. छातीत दुखणे, धडधड, धाप, जुना हृदयविकार, कुटुंबात तरुणपणी झालेला आकस्मिक मृत्यू यांतील काहीही असेल, तर विलंब नको. सॅन फ्रान्सिस्को येथील डॉक्टरांनी 2004 मध्ये पाच मुद्द्यांची एक कसोटी मांडली: हृदय निकामी होण्याचा पूर्वेतिहास, रक्तातील पेशींचे प्रमाण 30 टक्क्यांहून कमी, सदोष ईसीजी, धाप आणि 90 च्या खालचा वरचा रक्तदाब. पुढे तिच्याही मर्यादा दिसल्या. म्हणून अंतिम निर्णय रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांचाच.

बँकेत कर्जप्रकरणे तपासताना अर्जदाराच्या रुबाबावर जायचे नाही, कागद पाहायचे, हे मी आयुष्यभर पाळले. घरी मात्र आम्ही रडण्याला आणि हसण्यालाच पुरावा मानून बसलो होतो. खरा पुरावा मुनीमजींजवळ होता. ‘‘शेठजी बसलेलेच होते, आधी काही बोलले नाहीत, चेहरा पांढरा पडला होता,’’ या त्यांच्या साक्षीनेच डॉक्टर सावध झाले. त्या रात्री मॉनिटरवर बंधूंचे हृदय काही सेकंद थांबताना दिसले. पुढे पेसमेकर बसवला.

तप करणाऱ्यांच्या घरी प्रत्येक चक्कर उपवासाच्या खाती टाकण्याची आपल्याला सवय असते. ती नोंद करण्यापूर्वी थोडी चौकशी करावी.

संवत्सरीला बंधू रुग्णालयातच होते. त्यांनी सर्वांत आधी मुनीमजींना फोन लावला आणि म्हणाले, ‘‘मिच्छामि दुक्कडम्.’’