मोडलेल्या गिअरबॉक्सची साक्ष

मोटारीच्या यंत्रदोषांची जबाबदारी कोणाची, या विषयावर सामान्य वाचकांस उमजेल असे काही लिहावे, अशी संपादकांची आज्ञा आली, तेव्हा नायगावच्या एका शिक्षकांचे प्रकरण माझ्यापुढे होते, आणि ते अद्यापि मनातून जात नाही. हमीच्या मुदतीतच त्यांच्या मोटारीचा गिअरबॉक्स देगलूर रस्त्यावर निकामी झाला. वर्कशॉपने तो उघडून ‘चालवणाऱ्याचा हलगर्जीपणा’ असा शेरा मारला, त्यांच्याच खर्चाने दुसरा बसवला आणि जुने भाग भंगारात घातले. नांदेडच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे मांडण्यासाठी माझा अभिप्राय मागण्यात आला तो यानंतर, म्हणजे तपासण्याजोगी वस्तूच उरली नसताना.

गिअरच्या दात्याचे पृष्ठ कठीण आणि गाभा चिवट असावा लागतो; हा गुण कारखान्यातील उष्णतासंस्काराने येतो, आणि तो संस्कार उणा पडला तर दात्यांवर अकाली खड्डे पडतात व काठिण्यमापनात ते वैगुण्य उघड होते. बेअरिंग निळे पडले असेल, तर ते अतिशय तापले हे निश्चित, आणि बहुधा तेलाच्या अभावी. परंतु खरा वाद येथेच सुरू होतो, कारण निळा रंग दिसताच मालकाने हयगय केली असे ठरवून वर्कशॉप मोकळे होते. तेल गेले कोठून? खालचे कवच दगडावर आपटून फुटले असेल, तर कारखान्यास बोल लावता येत नाही; सील मुळातच सदोष असेल, तर मालकास लावता येत नाही; आणि बेअरिंगचा रंग मात्र दोन्ही प्रसंगी एकच. कवच आणि सील न पाहता दिलेला शेरा हा निदान नव्हे, हे कितीदा सांगावे!

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने निर्माता सर्वस्वी बांधला गेला, असा लोकांचा समज आहे. वस्तुतः त्यातील उत्पादन-दायित्वाच्या प्रकरणातून खुद्द उत्पादनाचे नुकसान वगळलेले आहे. म्हणून गिअरबॉक्सची फिर्याद ‘सदोष वस्तू’ याच सदराखाली करावी लागते. मारुती उद्योगाच्या खटल्यात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने, हमीच्या शर्तींप्रमाणे सदोष भाग बदलून देणे एवढेच निर्मात्याचे कर्तव्य, असे ठरवले. 2009 साली बनलेली मोटार गोव्यातील विक्रेत्याने 2011 साली नवी म्हणून विकली. त्या प्रकरणी, निर्मात्यास हे ठाऊक होते असे शाबीत न झाल्याने, टाटा मोटर्सला त्याच न्यायालयाने 2021 साली जबाबदारीतून मुक्त केले. सारांश, विक्रेत्याचा दोष आपोआप निर्मात्याच्या माथी जात नाही, पुरावा लागतो.

तेव्हा वाचकहो, गिअरबॉक्स उघडताना स्वतः हजर राहा, छायाचित्रे घ्या, तेलाचा नमुना आणि मोडलेले भाग लेखी मागणी करून ताब्यात घ्या. आयोग कलम 38 अन्वये नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि 45 दिवसांत अहवाल मागवू शकतो. तक्रारीस मुदत 2 वर्षांची आहे. मोडलेले भाग हाती नसतील, तर निष्णात वकील आणि तज्ज्ञ दोघांचाही निरुपाय होतो.