वाण नाही, गुण

फुटबॉल मॅनेजर खेळताना तुम्ही बॉलला एकदाही पाय लावत नाही. खेळाडू विकत घ्यायचे, विकायचे, सराव ठरवायचा आणि मॅच बाकावरून बघायची. बाकी सगळा वेळ तक्ते. आई म्हणते, हा रात्री दोन वाजेपर्यंत एक्सेल खेळतो. तिचं फारसं चुकत नाही.

या तक्त्यांच्या जंगलात ट्रेनिंगच्या पानामागे 'मेंटॉरिंग' नावाचा एक कोपरा आहे. किमान तीन खेळाडूंचा गट करायचा. एखाद-दोन जुने जाणते, बाकी पोरं. गट केला की लगेच काहीही होत नाही. मॅचेस होतात, महिने जातात. मग कधीतरी पोराच्या माहितीत 'बॅलन्स्ड'च्या जागी 'फेअरली प्रोफेशनल' असे दोन शब्द दिसतात. बस, एवढंच. पण या दोन शब्दांसाठी मी मॅच जिंकल्यापेक्षा जास्त खूश झालोय.

नव्यांना वाटतं, भारी स्ट्रायकरच्या गटात पोराला टाकलं की पोरगं गोल मारायला शिकेल. तसं होत नाही. वेग, पासिंग, फिनिशिंग यातलं काही या वाटेने जात नाही. जातो तो स्वभाव. फार तर एखादी खेळायची लकब जाते, लांबून शॉट मारायची वगैरे. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. आपल्याकडे ही म्हण पोरगं बिघडलं की काढतात, पण मेंटॉरिंगचं याहून नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही.

गंमत म्हणजे हा गुण गेम तुम्हाला धड दाखवतही नाही. खेळाडूची प्रत्येक गोष्ट 1 ते 20 मध्ये मोजलेली असते. पासिंग किती, हेडिंग किती, सगळं समोर दिसतं. जिद्दसुद्धा दिसते. पण प्रोफेशनलिझम, महत्त्वाकांक्षा, दबाव झेलण्याची ताकद, डोकं किती लवकर तापतं, हे आकडे लपवलेले असतात. त्या सगळ्यांचा मिळून एक शब्द मिळतो. 'मॉडेल सिटिझन', 'रेझोल्यूट', नाहीतर 'स्लॅक'. त्यावरून आपण अंदाज बांधायचा, लग्नाच्या स्थळाची चौकशी करतात तसा. आणि हा लपलेला प्रोफेशनलिझमच ठरवतो की पोरगं सरावातून किती उचलणार. म्हणजे गुण लागला तर वाणही हळूहळू येतो, पण तो स्वतःच्या घामाने.

फुटबॉल मॅनेजर 2018 पर्यंत हा प्रकार सरळ होता. एक मोठा, एक छोटा, शिकवणी लावल्यासारखी जोडी. 2019 च्या आवृत्तीत त्यांनी गट आणले आणि माझ्या मते गेम तेव्हा खरा झाला. गटात कोणाचं वजन किती, हे संघातल्या मानावर आणि वयावर ठरतं. कालच विकत घेतलेला कितीही सज्जन असला तरी त्याचं कोणी ऐकत नाही. आणि मान असलेला माणूस आळशी असेल, तर त्याचा आळसही तितक्याच इमानदारीने पोरांत उतरतो.

खऱ्या मैदानावरचं याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण एरिक कँटोनाचं आहे. 1992 च्या नोव्हेंबरमध्ये तो मँचेस्टर युनायटेडला आला. सराव संपला की हा गडी मागे थांबून पुन्हा सराव करायचा. ते बघून बेकहॅम, स्कोल्स, नेव्हिल यांच्या पिढीची पोरंही थांबायला लागली. कोणी सांगितलं नव्हतं. हाच कँटोना 1995 च्या जानेवारीत कठडा ओलांडून एका प्रेक्षकाला लाथ घालून बसला आणि ऑक्टोबरपर्यंत बाहेर राहिला. गेममध्ये असा माणूस मिळाला की मी पाच मिनिटं माऊस धरून नुसता बसतो. पोरांना याच्या गटात टाकायचं का?

सध्या माझ्याकडे 34 वर्षांचा एक सेंटर बॅक आहे. पाय गेलेत, वेगाचा आकडा 7 वर आलाय, पगार मात्र जुनाच. तक्त्यात तो निव्वळ खर्च आहे. पण 'मॉडेल प्रोफेशनल' आहे, नऊ वर्षं क्लबात आहे आणि त्याच्या गटात 16 आणि 17 वर्षांची दोन पोरं आहेत. मी त्याचा करार वर्षभर वाढवला.

हे बाबांना सांगायचं माझ्या मनात होतं. बाबा 56 वर्षांचे आहेत. सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये 31 वर्षं झाली. कंपनीने गेल्या महिन्यात व्हीआरएसचे फॉर्म वाटले. त्यात झालेली सर्व्हिस, उरलेली सर्व्हिस, बेसिक, मिळणारी रक्कम, सगळे रकाने आहेत. दरवर्षी आयटीआयची दोन-तीन पोरं अप्रेंटिस म्हणून बाबांच्या हाताखाली येतात, त्याचा रकाना नाही.

बाबा शिकवतात असं म्हणणंही कठीण आहे. ते दिवसभर चार वाक्यं बोलत असतील. पण मायक्रोमीटर घेतला की आधी झिरो बघतात आणि डबीत ठेवताना पुसून ठेवतात, घाई असली तरी. त्यांच्याकडून गेलेला एक जण आता चाकणला दुसरीकडे आहे. दिवाळीत घरी आला होता. म्हणाला, "काका, तिकडं सगळे हसतात मला. पण पुसल्याशिवाय ठेववतच नाही."

फॉर्म भरायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. तो फ्रिजवर पडलाय, त्यावर लाइटबिल आलंय. आकडे बघितले तर सही करणंच शहाणपणाचं आहे आणि बाबांचे गुडघेही तेच सांगतात. म्हणून सेंटर बॅकचं काही मी काढलं नाही. एवढंच विचारलं, तुमच्यानंतर पोरं कोणाकडे?

"कॉन्ट्रॅक्टवरची दोघं आहेत," बाबा म्हणाले. "पण ती दर सहा-आठ महिन्यांनी बदलतात."

मग थोड्या वेळाने, टीव्हीकडे बघत, "भिंतीवर सूचनांचा बोर्ड लावणारेत म्हणे."